शेवटच्या प्रकरणावरची पट्टी

आमच्या वाचनालयात रहस्यकथांचं शेवटचं प्रकरण बंद करून ठेवायची पद्धत होती. पनवेलच्या जुन्या बाजारात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खाली स्टेशनरीचं दुकान, शेजारी चहाची टपरी, एवढंच ते वाचनालय. ते चालवणाऱ्या ताई घरून मैद्याची खळ शिजवून आणत. खाकी कागदाची चार बोटं रुंद पट्टी शेवटच्या प्रकरणाच्या पानांभोवती गुंडाळत, खळीनं चिकटवत, आणि पट्टीची दोन टोकं जिथे एकमेकांवर येत त्या जोडावर निळ्या शाईनं सही करत. अर्धी सही वरच्या टोकावर, अर्धी खालच्या. कोणी पट्टी सोडवून पुन्हा चिकटवली तर सही जुळायची नाही, अशी सोय.

पुस्तक एकच आणि वाचणारे आधी चार, पुढे पाच. प्रत्येकाकडे ते आठवडाभर असे. पट्टीपर्यंत वाचायचं, चिठ्ठीवर गुन्हेगार कोण आणि का ते दोन ओळींत लिहायचं, घडी करून ताईंच्या टेबलावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. सगळ्यांचं झालं की शनिवारी चार वाजता डबा उघडायचा, चिठ्ठ्या वाचायच्या, मग ताई कात्रीनं पट्टी कापून शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवायच्या. ज्याचं बरोबर येईल तो पुढचं पुस्तक होईपर्यंत खिडकीतल्या खुर्चीवर बसणार. बाकीच्यांनी बाकावर.

ती पट्टी मी उघडत होतो. सहा वर्षं. आणि ते पाप झाकायला एका भलत्या माणसाला चोर ठरवून वाचनालयाचा जिना उतरायला लावलं, तेही मीच. त्यानंतर चार वर्षं गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतं. घरी बायको म्हणते, तुमच्याशी बोलणं म्हणजे बंद दुकानाची कडी वाजवणं.

मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या धुवायच्या, द्रावणं करून ठेवायची, प्रॅक्टिकल संपलं की गॅसचे नळ तपासायचे. सत्तावीस वर्षं. प्राध्यापक मला ‘अहो’ म्हणतात आणि पोरं ‘सर’ म्हणता म्हणता थांबतात. माझं मत कोणी विचारलं असेल तर ते फार तर अॅसिड संपलंय का, एवढंच. शनिवारी चार वाजता मात्र चार माणसं माझी चिठ्ठी काय म्हणते याची वाट बघत.

पहिल्यांदा उघडली तेव्हा मला जिंकायचं वगैरे काही नव्हतं. दोन माणसांवर माझा संशय अडकला होता आणि झोप येईना. जुन्या रहस्यकथांचा हा एक रोग आहे. पिवळी पडलेली पानं, मुंबईच्या उकाड्यात ओव्हरकोट घालून हिंडणारा गुप्तहेर, प्रत्येक बंगल्यात एक पियानो आणि एक मुका नोकर. हसू येतं, आणि तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही. हल्ली सगळ्याची उत्तरं मोबाइलमध्ये मिळतात. ही पुस्तकं मात्र इतकी विसरली गेलेली, की त्यांचा शेवट कुठल्याच मोबाइलमध्ये नाही. तो फक्त त्या पट्टीखाली. दुपारी लॅब रिकामी होती. केटलीच्या तोटीसमोर पट्टी धरली, पातळ चमच्याचं टोक सरकवलं. दीड मिनिटात सुटली. वाचून झाल्यावर घरून नेलेल्या खळीनं सहीवर सही नीट बसवून चिकटवली.

त्या शनिवारी माझी एकट्याची चिठ्ठी बरोबर निघाली. बँकेतून निवृत्त झालेले काका आमच्यात सगळ्यांत जुने. त्यांनी पाठीवर थाप मारली. ‘अहो, तुम्ही पोलिसात हवे होतात! नळ्या कसल्या धुता!’

मी खिडकीत जाऊन बसलो. खालून बाजार दिसत होता. त्यानंतर मला बाकावर बसवेना.

पुढे यातही अक्कल चालवायला शिकलो. दर चौथ्या पुस्तकाला मुद्दाम चुकायचं. कारणं लिहिताना थोडं अडखळायचं. बाकीच्या तिघांना, म्हणजे काका, मराठी शिकवणाऱ्या एक मॅडम आणि आमचे होमिओपॅथीचे डॉक्टर यांना, कधी संशय आला नाही. दिवसरात्र संशयाच्या गोष्टी वाचणारी ही माणसं. पुस्तकातल्या आत्याबाईंवर, माळ्यावर, भाच्यावर, सगळ्यांवर संशय घेत. शेजारच्या खुर्चीवर कधी नाही.

मग दादा आले.

एका शनिवारी वर्तमानपत्रात बांधलेली पाच जुनी पुस्तकं घेऊन ते जिना चढून आले आणि दारातच चपला काढून उभे राहिले. साठीचे, बुटके, हाफ शर्टाच्या खिशाला दोन पेनं. उरण रस्त्यावरच्या एका गावचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. तीस वर्षं बंदराच्या गेटवर नोकरी करून निवृत्त झालेले. ‘बाई, ही ठेवून घ्या तुमच्यात. आन् मला मेंबर करा. आमी पन ह्याच गोष्टी वाचतो. खुनाच्या.’

मॅडम पुस्तकाआड हसल्या. ते खाली उतरल्यावर काका म्हणाले, ‘मिठागरातून थेट मर्डर!’ त्यावर सगळे हसले. मीही हसलो. हे लिहिलंच पाहिजे, कारण पुढे जे झालं ते या हसण्यातूनच झालं. त्यांच्या जागी एखादा निवृत्त तहसीलदार आला असता तर त्याच्याबद्दल माझं म्हणणं कोणी इतक्या पटकन मानलं नसतं.

मेंबर नंबरानुसार पाळी असे. आधी काका, मग मॅडम, मग मी, माझ्यानंतर डॉक्टर, आणि शेवटी दादा. ताई त्यांना ‘भाऊ’ म्हणत.

पहिलं पुस्तक दादांना बरोबर आलं. दुसरंही आलं. माझंही बरोबर होतं, म्हणून खुर्ची माझ्याकडेच राहिली. चौथ्या पुस्तकाला मी ठरल्याप्रमाणे मुद्दाम चुकलो आणि खुर्ची त्यांच्याकडे गेली. पिशवी मांडीवर घेऊन ते तिथे पाहुण्यासारखे टेकले. सातव्या पुस्तकापर्यंत त्यांचं एकही चुकलं नव्हतं.

सातापैकी सात बरोबर यायची एकच वाट मला माहीत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. त्यांच्या पिशवीकडे बघितलं की मला वाटे, आत केटली आहे. त्यांच्या नखांकडे बघे, वाढवलेली होती. चिठ्ठी टाकताना ते जरा थांबत, तेव्हा वाटे, आता कारण बनवतायत. मी जे जे करत होतो ते सगळं मला त्यांच्यात दिसू लागलं.

एका शनिवारी मी त्यांच्या मागावर निघालो. आता आठवलं की कानशिलं तापतात. ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून एसटी स्टँडवर गेले, मी वीस पावलं मागे. ते उरणच्या गाडीत चढले, मीही चढलो आणि दोन बाकं सोडून मागे बसलो. त्यांनी पुस्तक काढलं. शिवाय एक लांबट, अरुंद वही काढली, आणि वाचता वाचता काहीतरी उभ्या रकान्यांत लिहू लागले. मी मान उंच करून बघत होतो, तेवढ्यात कंडक्टर आला. ‘कुठं?’

मला गावाचं नाव सुचेना. ‘शेवटपर्यंत,’ म्हटलं.

दादांनी मागे न बघताच विचारलं, ‘साहेब, तुमी खांदा कॉलनीला ऱ्हाता ना? ही गाडी तिकडं नाय जात.’

‘उरणला चुलतभाऊ आहे.’

‘उरनात कुठं?’

‘मोरा बंदराकडे.’

‘अस्सं. मोऱ्याकडं वारा लय. कान बांधून जावा,’ म्हणाले, आणि पुन्हा वहीत लिहू लागले.

उरणला उतरून, एक चहा घेऊन, मी त्याच गाडीनं परत आलो. वहीत काय असेल? मी ठरवून टाकलं की शेवटच्या प्रकरणाची नक्कल. पुरावा काहीच नव्हता. पण रहस्यकथा वाचणाऱ्याला पुरावा नंतर शोधायची सवय असते; आधी माणूस ठरतो.

आठवं पुस्तक आलं. डोंगरावरचा बंगला, जेवणाच्या टेबलावर मेलेला जमीनदार आणि घरात सहा माणसं. या वेळी दादांना हरवायचंच, म्हणून मी फार घाई केली. वाफ जास्त झाली, खळीखालचा कागद लगदा झाला आणि पट्टीचं एक टोक फाटलं. चिकटवलं कसंबसं. सहीच्या दोन अर्ध्या भागांत तांदळाच्या दाण्याएवढा फरक राहिला. पुस्तक डॉक्टरांना दिलं. ते रुग्ण तपासताना मध्ये मध्ये वाचणारे. त्यांना काही दिसलं नाही. त्यांच्याकडून ते दादांकडे गेलं आणि शनिवारी दादांच्या हातून ताईंच्या टेबलावर आलं.

ताईंनी कात्री उचलली आणि थांबल्या. चष्मा कपाळावर सरकवून पुस्तक डोळ्यांजवळ नेलं.

‘ही पट्टी कोणीतरी उघडलीय.’

काका म्हणाले, ‘काय सांगता!’ मॅडम म्हणाल्या, ‘शी! कोण असं करेल?’ डॉक्टर हौसेनं पुढे सरकले. खराखुरा गुन्हा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या समोर आला होता. ‘थांबा, थांबा. कोणीही बाहेर जायचं नाही.’

मला वाटलं, आता माझ्या चेहऱ्यावर दिसेल. आणि मी, जो एरवी चार वाक्यांपुढे जात नाही, तो बोलू लागलो. ‘पुस्तक शेवटी कोणाकडे होतं ते बघा. सातापैकी सात कोणाची बरोबर आली तेही बघा. आम्ही वर्षानुवर्षं वाचतोय, आमच्यापैकी कोणाला जमलंय का हे? आणि गाडीत बसून वहीत काय उतरवून घेतलं जातं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.’

शेवटच्या प्रकरणात गुप्तहेर बोलतो तसंच बोलत होतो. मला ते जमत होतं, हे सगळ्यांत वाईट. मॅडम मान हलवत होत्या. काका हळू आवाजात म्हणाले, ‘मला वाटलंच होतं.’

दादांनी पुस्तक मागून घेतलं. पट्टीच्या जोडावरून अंगठ्याचं नख फिरवलं, उजेडाकडे धरून तिरपं केलं. मग माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. मोजत असल्यासारखे बघत राहिले.

‘हे सील आजचं तुटलेलं नाय,’ एवढंच म्हणाले.

‘म्हणजे काय?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘काय नाय. बाई, मी नाय उघडली. पण तुमच्या मनात आलं ना, मग आता इथं बसून काय मजा नाय.’ त्यांनी मेंबरचं कार्ड टेबलावर ठेवलं, दाराशी चपला घातल्या आणि जिना उतरून गेले.

त्या दिवशी डबा उघडला नाही, शेवट वाचला नाही. ताईंनी ते पुस्तक तसंच कपाटात टाकलं. ‘मला ते डोळ्यांसमोर नको,’ म्हणाल्या आणि डबा माझ्याकडे दिला. ‘त्या चिठ्ठ्या फेकून द्या हो खाली.’

जिन्यात मी दादांची चिठ्ठी काढून वाचली. अक्षर गेटच्या रजिस्टरमधल्यासारखं, ताठ. ‘माळी. ८ ते ८.२० तो कुठे होता लिहिलेलं नाही. पण खात्री नाही. पुन्हा वाचायला पाहिजे होतं.’

गुन्हेगार माळी नव्हता. मला माहीत होतं, मी वाचलं होतं.

ज्यानं शेवटचं प्रकरण वाचलंय तो चुकीचं नाव कशाला लिहील? त्या माणसाचा निर्दोषपणा त्याच्याच हस्ताक्षरात डब्यात पडला होता. चार पट्टीचे वाचक खोलीत बसलेले, आणि डबा उघडून बघावा असं एकालाही सुचलं नव्हतं. मी वर जाऊन ती चिठ्ठी टेबलावर ठेवली असती तर पाच मिनिटांत दादा परत वर आले असते. खाली टपरीवरच होते ते, मी पाहिलं. चहा सांगितला होता, पीत नव्हते. मी बाकीच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि ती खिशात घातली. सोमवारी लॅबमध्ये एका बुचाच्या बाटलीत घालून कपाटाच्या मागच्या बाजूला ठेवली. जाळून का टाकली नाही, हे मलाही सांगता येणार नाही.

त्यानंतर ताईंनी पट्ट्या लावणं सोडलं. त्या ब्लेडनं शेवटची प्रकरणं कापून काढू लागल्या आणि कुलपात ठेवू लागल्या. पानाचा कोपरा दुमडला तरी ओरडणारी बाई, खाली मान घालून एकेका पुस्तकाची शेवटची पानं कापताना मी बघत असे. खिडकीतली खुर्ची मला नको होती, पण काका आग्रह करून बसवायचे. आता उघडायला काही नव्हतंच, त्यामुळे माझ्या चिठ्ठ्या चुकू लागल्या. ‘त्या प्रकरणानं यांचं मन उडालं,’ मॅडम म्हणायच्या. ‘हळवे आहेत ते.’

या वर्षी ताईंच्या डोळ्यांवर पडदा आला. एका शनिवारी सगळे गेल्यावर त्यांनी पदराच्या गाठीतून कुलपाची किल्ली सोडवून माझ्यासमोर धरली. ‘शेवटची प्रकरणं आता तुमच्याकडे. बाकीच्यांना दिली तर ते वाचून मोकळे होतील. तुमच्याबद्दल मला खात्री आहे.’

मी किल्ली घेतली नाही. ‘पुढच्या शनिवारी सांगतो,’ म्हटलं. रविवारी सकाळी बाटलीतली चिठ्ठी खिशात घालून मी उरणच्या गाडीत बसलो.

दादांचं गाव शोधायला फार विचारावं लागलं नाही. पूर्वी मिठागरं होती तिथे आता भराव आणि त्यावर कंटेनरच्या थप्प्या. घर नवं, दुमजली. दादा ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत वाचत बसले होते. मला बघून पुस्तक मिटलं, बोट पानात तसंच ठेवून.

‘या. चुलतभावाकडं आलाव का?’

मी उभ्यानंच बोलून टाकलं. पट्टी मी उघडत होतो, सहा वर्षं उघडत होतो, त्या दिवशी फाटली तीही माझ्याकडून. वाक्यं तयार केली होती ती सगळी उलटसुलट झाली.

‘बसा,’ ते म्हणाले. आत वळून, ‘अगो, दोन चाय टाक.’ मग माझ्याकडे बघून, ‘मला ठाव व्हतं.’

‘कधीपासून?’

‘पयल्या पुस्तकापासून. मी गेटवर काय करत व्हतो? आलेल्या कंटेनरचं सील बघायचं. तीस वर्सं. खरं कुठलं, पुना बसवलेलं कुठलं, हात लावला का समजतं. बाईंची खळ पातळ असते. तुमची घट. माझ्याकडं येनाऱ्या दर पुस्तकाला घट खळ. आन् त्या दिवशी ती पार वाळून कडक झालेली. दोन-तीन आठवड्यांची. डॉक्टर काय वाफ घेत बसनारा मानूस नाय. मंग ऱ्हायलं कोन?’

‘मग तिथेच बोलला का नाहीत?’

‘कोनी ऐकलं असतं?’ त्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. ‘गेटवर पन हेच. सील तुटलेलं गावलं का पयला धरायचा तो गेटवाला. तिथं युनियन व्हती म्हनून वाचलो. तुमच्या वाचनालयात कुठं युनियन हाय?’

चहा आला. मी कप हातात धरून बसलो. वहीबद्दल विचारलं. त्यांनी आतून ती आणून दाखवली. रकाने होते. माणूस, आत कधी, बाहेर कधी, कोणी बघितलं. ‘मी दोनदा वाचतो. एकदा गोष्ट, एकदा गेटवर बसल्यासारखा. कोन कधी गेला, कोन कधी आला. ज्याची वेळ जुळत नाय त्याला धरायचा.’

मी चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, उलटून पाहिली, पुन्हा वाचली. मला वाटलं, आता हाकलतील. हाकलायला हवं होतं.

‘मंग?’ ते म्हणाले. ‘माळी नव्हता?’

‘नाही.’

‘मंग को…’ आणि दोन्ही हात वर केले. ‘नको! सांगू नका! चार वर्सं झाली. रद्दीवाल्यांकडं फिरलो, पेनच्या बाजारापर्यंत जाऊन आलो. ते पुस्तक कुठं गावत नाय. मला ठाव नाय त्या जमीनदाराला कोनी मारला ते. दर पुस्तक वाचताना तोच येतो मधी.’

मी म्हटलं, ‘मला माफ करा.’

‘माफीचं मंग बघू. मला शेवट ऐकायचाय. तिथंच, बाईंच्या तोंडून, सगळ्यांच्यात बसून. तुमी आदी सांगा त्यांना. मी खाली टपरीवर थांबतो. बाईंनी बोलवलं तर वर येईन, तुमी बोलवलंत तर नाय.’

शनिवारी चार वाजता मी बाकावर बसलो आणि सांगितलं. सगळं, केटलीसकट. सांगून झालं तेव्हा वाटलं, आता आरडाओरडा होईल. झालं भलतंच. त्यांनी विश्वास ठेवला नाही.

‘इतक्या सहज कबुली देणारा कधीच खरा गुन्हेगार नसतो,’ डॉक्टर म्हणाले.

‘तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून अंगावर घेताय,’ मॅडम म्हणाल्या. ‘तुमचा स्वभाव माहीत नाही का आम्हाला?’

‘पुरावा काय?’ काकांनी विचारलं.

मी दादांची चिठ्ठी टेबलावर ठेवली. ती हातोहात फिरली. ‘माळी नाहीये तो,’ मी म्हटलं. ‘ज्यानं उघडून वाचलं तो माळी लिहिणार नाही.’

‘किंवा मुद्दाम लिहील,’ डॉक्टरांचे डोळे चमकले. ‘आपल्यावर संशय येऊ नये म्हणून!’

‘डॉक्टर, तुम्ही जरा गप्प बसा,’ काका म्हणाले. ‘पण माळी नाही, हे कशावरून? मग कोण?’

‘सांगू नका हं!’ मॅडमनी कानांवर हात ठेवले. ‘अजून वाचलेलं नाहीये आम्ही!’

ताई उठल्या, चाचपडत कपाट उघडलं, तळातून ते पुस्तक काढलं. पट्टी तशीच होती, सहीत तांदळाएवढा फरक तसाच. पत्र्याचा डबा त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

‘गुन्हेगार कोण ते लिहा. आणि पुस्तकातलं शेवटचं वाक्य लिहा.’

मी लिहिलं. चार वर्षांत ते वाक्य मी एक दिवस विसरलो नव्हतो. घडी करून डब्यात टाकली.

ताई खिडकीशी गेल्या. दिसत नव्हतं त्यांना फारसं, तरी वाकून खाली हाक मारली. ‘भाऊ! वर या. आणि चपला आत घेऊन या, दारात काढू नका.’

दादा वर आले. काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘खुर्चीवर बसा.’

‘बाकावरच बरा हाय,’ दादा म्हणाले.

ताईंनी पुस्तक मॅडमच्या हाती दिलं. मग परत मागून घेतलं. ‘नाही, मीच वाचते. भिंग द्या ते.’ कात्री घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘तुम्ही बाहेर थांबा. तुम्हाला माहीत आहे.’

मी जिन्यात येऊन बसलो. दार नीट लागत नाही, त्यामुळे आवाज येत होता. पट्टी कापल्याचा, मग भिंगाखाली एकेक शब्द लावत ताईंच्या वाचण्याचा. फार सावकाश चाललं होतं. एरवी वीस मिनिटांचं प्रकरण, त्याला तासभर लागला. खाली बाजारात दिवे लागले. मध्येच दादांचा आवाज आला, ‘आयला! वकील!’ आणि पाठोपाठ, ‘पन साडेआठला तो स्टेशनवर व्हता ना?’ आणि काका म्हणाले, ‘थांबा हो, पुढे येईल ते.’ मॅडम हसल्या. मी गुडघ्यांत डोकं घालून ऐकत होतो.

मग शेवटचं वाक्य आलं. ताईंच्या आधी मी ते मनात म्हणून टाकलं. ताईंनी वाचलं, पुस्तक मिटलं.

आत पत्र्याच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला.